रातपाळीची बत्ती

घुग्घुसात रातपाळी बारा वाजता लागायची, पण आमच्या घरात ती साडेदहालाच सुरू व्हायची. बाबा जेवून उठले की मी त्यांची सायकल ओट्यावरून खाली उतरवायचो, स्टँडवर लावायचो, डायनामो मागच्या टायरला टेकवायचो आणि हातानं पायडल फिरवायचो. समोरचा दिवा आधी तांबूस, मग पिवळा व्हायचा. तो पेटला की आई आतून डबा आणायची. नाही पेटला तर डबा थांबायचा आणि आम्ही दोघं कंदील घेऊन वायर शोधत बसायचो. दिव्याशिवाय आई बाबांना निघू द्यायची नाही. खाण सहा किलोमीटरवर होती आणि मधल्या नाल्यावरच्या रपट्याला कठडा नव्हता.

पाऊणेअकराच्या सुमारास रस्त्यावर अशा दिव्यांची माळ लागायची. जुन्या वस्तीतून, नकोड्याकडून, वर्धा नदीच्या अंगाच्या खेड्यांतून माणसं निघायची. कोणी तेलंगी बोलणारा, कोणी छत्तीसगढी, कोणी आपल्या झाडीतला. चढावर सगळे दिवे मंद व्हायचे आणि उतारावर भक्कन मोठे व्हायचे. डायनामोचा दिवा चाकावर चालतो, माणूस दमला की तोही दमतो. कोण येतो आहे ते ओळखायला चेहरा लागायचा नाही. अमक्याचा दिवा डावीकडे वाकडा, तमक्याचा लपलपणारा, एवढ्यावर आम्ही पोरं नावं सांगायचो.

या दिव्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. कोळशाचा लिहिलेला आहे. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली आणि 1906 साली बंद पडली, हे गॅझेटियर वाचणाऱ्याला सापडतं. 1 मे 1973 ला खासगी खाणी सरकारच्या झाल्या आणि 1975 साली वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी आली, हे तर आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण तो कोळसा काढायला माणूस रात्री कसा जायचा, त्याच्या सायकलीला काय लावलेलं असायचं, ते दुरुस्त कोण करायचं, हे कुठं येत नाही. मी पुढं हाच धंदा केला. सायकल, मग मोटारसायकल, मग दोन्हींच्या बत्त्या. म्हणून हे मी लिहितो आहे. यात एक गोष्ट माझ्या चुकीचीही आहे, तीही लिहायची आहे.

बाबांच्या आधीची पिढी पायी जायची, हातात रॉकेलचा कंदील घेऊन. तेव्हा सायकल म्हणजे विलायतेची, रॅले नाहीतर हंबर, आणि ती मास्तराकडं किंवा पाटलाकडं. कामगाराच्या अंगणात सायकल आली ती देशी कारखाने निघाल्यावर. 1949 मध्ये मद्रासला टीआय, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियान्याला हीरो. पहिले दिवेही रॉकेलचे होते. हँडलपुढच्या खुंटीवर अडकवायचा छोटा डबा, पुढं भिंग, वर धुराडं. खड्ड्यात चाक आपटलं की वात विझायची.

त्याहून तेज दिवा कार्बाइडचा. कॅल्शियम कार्बाइड 1892 साली अमेरिकेत थॉमस विल्सन नावाच्या माणसाच्या हाती अपघातानंच लागलं. तो भट्टीत दुसरंच काही करायला गेला होता. या खड्यांवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढरा लख्ख जळतो. खालच्या डब्यात खडे, वरच्या डब्यात पाणी, मधल्या चकतीनं थेंब कमी-जास्त करायचे. जगभर आधी सायकलींनी, मग मोटारींनी आणि खाणकामगारांनी हा दिवा वापरला. आमच्याकडं कार्तिकातल्या वढ्याच्या जत्रेत दुकानांवर असे दिवे लागायचे. त्यांचा लसणासारखा उग्र वास मला अजून आठवतो. पण कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत म्हणजे मरण. कोळशातून निघणारा वायू हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला की ठिणगीनं पेट घेतो. त्यासाठीच 1815 साली हम्फ्री डेव्हीनं ज्योतीभोवती बारीक जाळी लावलेला दिवा काढला होता. पुढं विजेची टोपीबत्ती आल्यावरही तो जाळीचा दिवा खाणीत राहिला, पण वायू तपासायला. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की माणसं मागं घ्यायची.

बाबांच्या वेळी टोपीबत्तीच होती. खाणीच्या तोंडाशी लॅम्प रूम. आपला बिल्ला द्यायचा, आपल्या नंबरची बत्ती घ्यायची. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, वायर पाठीवरून डोक्यावर, दिवा टोपीला. चार व्होल्टची शिशाची बॅटरी, अख्खी पाळी पुरायची. पाळी सुटली की बत्ती परत. घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. एक तर ती लगेच चार्जिंगला लागायची, आणि दुसरं म्हणजे खुंटीवर एखादा नंबर रिकामा राहिला तर तो माणूस अजून खाली आहे, असा त्याचा अर्थ व्हायचा.

म्हणजे आठ तास डोक्यावर कंपनीचा चांगला उजेड, आणि सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री वर आलं की रस्त्यावर आपला तीन वॅटचा डायनामो. बाबा हसून म्हणायचे, "खाली दिवस रायते न वर रात."

डायनामोची रचना साधी आहे. बाटलीसारख्या डब्याच्या डोक्याला दातेरी चक्री असते. ती टायरच्या बाजूला घासून फिरते, आत लोहचुंबक फिरतं, भोवतीच्या गुंडाळीत वीज तयार होते. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातली बहुतेक पुढच्या बल्बला आणि उरलेली मागच्या लाल दिव्याला. दिव्याला वायर एकच, परतीची वाट सायकलीच्या सांगाड्यातून. म्हणून दहातल्या सहा तक्रारींचं कारण एकच असायचं. क्लॅम्पच्या स्क्रूचं टोक रंगातून खाली लोखंडापर्यंत पोचलेलं नसायचं. स्क्रू काढायचा, रंग खरवडायचा, परत आवळायचा, आणि दिवा लागला. गिऱ्हाइकाला वाटायचं पोरगा जादूगार आहे.

बाकीचे आजारही ठरलेले. पावसात चक्री टायरवर घसरते, तर तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी चढवायची. डायनामो किरकिरतो, तर बुशमध्ये तेलाचे दोन थेंब. पुढचा बल्ब वारंवार उडतो, तर आधी मागचा पाहायचा. मागचा बल्ब गेलेला असला की त्याच्या वाट्याची वीजही पुढच्यावर येते आणि उतारावर वेग वाढला की तो जळतो. हे मला ज्या दुकानात शिकायला मिळालं, तिथले उस्ताद सांगायचे, "आजार समोर दिसते, पण मूळ मांगं रायते."

दिव्याला कायद्याचीही साथ होती. सायकलीवर ग्रामपंचायतीचा कर असायचा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात तशी तरतूदच आहे. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा. रात्री बिनदिव्याची सायकल धरली तर दंड, नाहीतर जागेवर चाकातली हवा सोडणं. त्यामुळं चंद्रपूरला जाणारा माणूस गावात कसाही फिरो, शहराच्या वेशीवर डायनामो टायरला टेकवायचा. पुढं बिल्ले गेले, दंड गेला, आणि सायकलीला दिवा असतो हेही लोक विसरत चालले.

त्याच काळात रस्ता बदलला. भूमिगत खाणींच्या जोडीला उघड्या खाणी आल्या. सिमेंटचा कारखाना होताच, पुढं लोखंडाचा आला. चंद्रपूरला दुर्गापूरचं औष्णिक वीज केंद्र ऐंशीच्या दशकात सुरू झालं. कोळसा ट्रकनं वाहू लागला. रस्त्यावर काळी भुकटी, पावसाळ्यात तिचा चिखल, उन्हाळ्यात तिचा पडदा. ट्रकच्या उजेडात डायनामोचा दिवा दिसेनासा झाला. तिकडं खाणीवर उंच खांबांवरचे सोडियमचे पिवळेजर्द दिवे रात्रभर जळायचे. आमच्या गच्चीवरून ढिगारे सोन्यासारखे दिसायचे.

त्या सोडियम दिव्यांचंच एक भावंडं पुढं माझ्या दुकानात आलं. साध्या बल्बमध्ये तार तापून उजेड देते. या जातीच्या दिव्यात तारच नसते. बंद काचेत दोन टोकं, मध्ये वायू आणि धातूचे क्षार, आणि त्या टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड चालू राहते. एचआयडी म्हणतात ते हेच. मोटारीत ते 1991 च्या सुमारास जर्मनीत आलं, झेनॉन नावानं. परदेशात डोंगरात रात्री सायकल चालवणाऱ्यांसाठी दहा-बारा वॅटचे असे छोटे, महागडे दिवेही निघाले. ते आमच्याकडं कधी आले नाहीत. 2010 च्या आसपास आला तो मोटारसायकलचा संच. एक बल्ब, एक डबा आणि वायरी. त्या डब्याला आमचे लोक ट्यूबलाइटसारखं चोकच म्हणायचे. बल्ब पेटवायला तो वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, आणि पेटल्यावर पस्तीस वॅटवर चालवतो. तेवढ्याच वॅटच्या हॅलोजनच्या तिप्पट-चौपट उजेड.

घुग्घुसात पोरांनी ते धडाधड बसवले. महिन्या-दोन महिन्यांत दुरुस्तीला येऊ लागले. तेव्हा कळलं की यात दुरुस्त करण्यासारखं फार नाही. चोकमध्ये राळ ओतून तो बंद केलेला असतो, उघडला की गेला. मग मी एक रीत बसवली. आधी बॅटरी, मग जोडण्या, मग बल्ब, शेवटी चोक. पेटताना हा दिवा चालतानाच्या दुपटीनं करंट ओढतो. बारीक वायर किंवा गंजलेली पिन असली की व्होल्ट पडतो आणि दिवा लपलपून विझतो. लोक चोक फेकायचे आणि दोष असायचा दहा रुपयांच्या पिनेत. बल्ब गुलाबी-जांभळा जळायला लागला की त्याचं आयुष्य संपलं. आणि निळ्या उजेडाची हौस असेल तर तो बसवायचा नाही, कारण निळा दिसायला तेज पण रस्ता कमी दाखवतो, धुळीत तर पांढरी भिंतच उभी करतो. एकदा मी चोकची जाड वायर चालू असताना धरली. खांद्यापर्यंत हात बधिर झाला. तेव्हापासून वायर काढून, थोडा वेळ थांबून मगच हात लावायचो.

मग माझ्या डोक्यात आलं की हा दिवा सायकलीला का नको? बाबा तेव्हा रिटायर झाले होते, पण धाकटा भाऊ ठेकेदाराकडं रातपाळीला सायकलनं जायचा. ट्रकवाल्यांना तो दिसायला हवा होता. मी इन्व्हर्टरवाल्याकडून बारा व्होल्ट, सात अ‍ॅम्पिअर अवरची छोटी बॅटरी आणली, अडीच किलोची. कॅरिअरवर लाकडी पेटीत ती बसवली. चोक नळीला बांधला, बल्ब मोटारसायकलच्या जुन्या हेडलाइटच्या वाटीत लावला. हिशेबानं दोन तास चालायला पाहिजे होता, हातात आला सव्वा तास, कारण एवढा भार लावला की शिशाची बॅटरी आपली पूर्ण ताकद देत नाही. सव्वा तासही पुष्कळ होता. पहिल्या रात्री मीच घेऊन निघालो. दिवा आधी निळा झाला, चार-पाच सेकंदांत पांढरा झाला, आणि बाभळीच्या पानापानापर्यंत सगळं दिसलं. समोरून येणाऱ्या ट्रकनं डिपर मारला. मला अभिमान वाटला. राजेहो, सायकलीला ट्रक डिपर मारतो!

पाचव्या-सहाव्या रात्री रपट्याजवळ समोरून नकोड्याकडचे एक बाबाजी सायकलनं येत होते. त्यांच्या सायकलीला दिवा नव्हता. रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता, चाळीस वर्षं त्याच वाटेनं ते दूध घालत होते. मी त्यांना लांबून पाहिलं, स्पष्ट पाहिलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, तेही पाहिलं. मग सायकल डावीकडं वळली आणि ते नाल्यात गेले. मी धावलो तेव्हा माझा दिवा रस्त्यावर तसाच जळत होता आणि ते खाली अंधारात होते. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च मी केला, दीड महिना त्यांचं दूध माझ्या भावानं घातलं. पण त्यांनी खाटेवरून जे म्हटलं ते त्यानं फिटलं नाही. रागानंही म्हणाले नाहीत. "उजेड नव्हता तवा मी कदी पडलो नाई, बाबू. तुह्या उजेडानं पाडलं मले."

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली आमी कसे बोलत होतो, तुले ठावं हाय का?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनी उठून दाखवलं. समोरचा माणूस बोलायला आला की आधी मान खाली किंवा बाजूला, म्हणजे डोक्यावरची बत्ती त्याच्या पायांवर पडते. मग बोलायचं. नवीन पोरगा हे विसरला आणि त्यानं कोणाच्या तोंडावर बत्ती मारली, तर सरदार आधी शिवी द्यायचा, काम नंतर सांगायचा. कारण खाली डोळे दिपले तर परत अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात छतातून काही सुटलं, डबे आले, तर माणूस संपतो. "पयले मुंडी खाली, मंग बोलनं," बाबा म्हणाले. "थे रीत वर कोनी आनलीच नाई."

ही रीत कोणत्याही पुस्तकात मी वाचली नव्हती. आमच्या घरात ती तीस वर्षं होती आणि मला कोणी सांगितली नव्हती, कारण विचारलीच नव्हती. बाबा खाणीतलं घरी बोलत नसत. मी त्यांच्या सायकलीचा दिवा रोज पाहिला, डोक्यावरच्या दिव्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एचआयडीचा संच सायकलवरून काढला. मोटारसायकलवाल्यांचे मात्र दुकानात येतच होते, त्यांना नाही म्हणून भागलं नसतं. पण मला चूक कळली होती. मोटारसायकलची वाटी तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते. त्यात हा दिवा बसवला की उजेड ठरल्या जागी न जाता चारी बाजूंना उधळतो. मग मी दुकानाच्या भिंतीवर एक रेघ मारली. गाडी भिंतीपासून पाच पावलांवर उभी करायची, दिव्याच्या उंचीवर रेघ धरायची, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली आली पाहिजे. येत नसेल तर दिवा वाकवायचा. वाकवूनही येत नसेल तर तो संच काढून हॅलोजनच लावायचा. चार-दोन गिऱ्हाइकं यावरून तुटली. बाकीच्यांना मी नाल्यातली गोष्ट सांगायचो.

भावासाठी मी परत डायनामोकडं गेलो, पण जरा सुधारून. तोवर एलईडी स्वस्त झाला होता. निळा एलईडी नव्वदच्या दशकात जपानमध्ये जमला, त्यावरून पांढरा झाला, आणि 2014 साली त्या शोधाला नोबेल मिळालं. आमच्या कामाचं त्यात एवढंच, की तीन वॅटचा एलईडी डायनामोवर आरामात चालतो. डायनामोची वीज उलटसुलट वाहते, म्हणून 4007 नंबरचे चार डायोड लावून ती एकाच दिशेनं वळवायची. डायनामो मुळातच अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या आसपासच करंट देतो, त्यामुळं एलईडी जळायची भीती नाही. जोडीला मोठा कपॅसिटर टाकला की सायकल थांबल्यावरही दिवा लगेच विझत नाही. जुन्या डायनामोचं तेवढं एकच खरं व्यंग होतं, आणि ते गेलं. दिव्यावर मी पत्र्याची टोपी बसवली, उजेड वर जाऊ नये म्हणून. मागं लाल एलईडी, आणि मडगार्डवर चमकणारी पट्टी. ट्रकवाल्याला दिसायला तेच जास्त कामाचं होतं. मी पुढं सूर्य लावत बसलो होतो आणि ट्रक तर मागून येत होते.

तशीच एक टोपीवाली जोडणी मी नकोड्याला त्या बाबाजींच्या सायकलीला करून दिली. त्यांनी आधी ती बंद करून पाहिली, मग चालू करून पाहिली. "आता मी बी कोनाले पाडत नाई ना?" असं विचारलं. मी भिंतीवर उजेडाची कड दाखवली. तेव्हाच त्यांनी सायकल घेतली.

बाबा आता नाहीत. त्यांनी काम केलं ती भूमिगत खाण केव्हाची बंद झाली. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं, तेव्हा बाहेरच्या लोकांनी आश्चर्य केलं. आमच्या पिढीला ठाऊक होतं की आपल्या घरांखाली जुनी कामं आहेत, आणि आपले बाप तिथं बत्ती लावून फिरले आहेत. घुग्घुस आता नगर परिषद झालं, मुख्य रस्त्यावर खांब आले. सायकलनं कामाला जाणारे उरले ते बहुतेक ठेकेदाराची माणसं, बाहेरगावची, भाड्याच्या खोल्यांतली. त्यांच्या सायकलींना दिवा नसतो. कोणी मोबाइलची बॅटरी हँडलला बांधतो, आणि तीही सरळ समोरच्याच्या तोंडावर.

असा कोणी दुकानासमोरून जाताना दिसला की मी त्याला थांबवतो. पैशाचं बोलत नाही. भिंतीवरची रेघ अजून आहे, तिच्यासमोर सायकल उभी करायला सांगतो. मग मोबाइल थोडा खाली वाकवून रबरानं पक्का करून देतो. नवीन पोरं विचारतात, "काका, इसको नीचे क्यों किया?" मी सांगतो की खाणीतली रीत आहे. त्यांना पटतं का माहीत नाही. पण त्यातला एक जण परवा परत जाताना माझ्याशी बोलायला थांबला, तेव्हा त्यानं आधी हँडल बाजूला वळवलं.